कांबळे एस. व्ही. नावाच्या दोघी

सर्जननी कागद उजेडाकडे धरला आणि कन्नडमध्ये विचारलं, "बरोबर कोण आलंय?"

बाहेर माझे यजमान बसलेत, असं मी सांगितलं. त्यांनी नर्सला खूण केली. हे आत येईपर्यंत मी सर्जनच्या हातातल्या कागदाकडे बघत राहिले. फिकट हिरव्या पट्ट्यांचा, दोन्ही कडांना भोकं असलेला लांब कागद. हॉस्पिटलात नुकत्याच आलेल्या कॉम्प्युटरवर छापलेला.

"मानेतल्या गाठीचा रिपोर्ट आलाय," ते म्हणाले. "लिम्फोमा."

आम्हाला कळलं नाही हे पाहून त्यांनी सोपं करून सांगितलं. शरीरात जागोजागी बारीक गाठी असतात, रोगाशी लढायचं काम त्या करतात. त्या गाठींचाच हा कॅन्सर. इथे त्याचा नीट इलाज व्हायचा नाही, मुंबईला जावं लागेल आणि लवकर जावं लागेल.

"हेदरब्याड्री," असंही ते म्हणाले. घाबरू नका. पण म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कागद माझ्या हातात दिला. तो एकच शब्द मी त्यावर शोधला, आणि सापडल्यावर पुढचं मागचं काही वाचलं नाही.

ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे किंवा येईल, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. माझं दुखणं बरं झालं. पण मला जे सांगायचं आहे ते नुसतं बरं होण्याचं नाही.

मी सुमन वसंत कांबळे. त्या वेळी धारवाडला प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. सप्तापुरात भाड्याच्या दोन खोल्या होत्या. हे एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला, मुलगी उज्ज्वला चौथीत. सत्त्याऐंशी साल होतं.

दुखणं सुरू झालं ते अगदी साधं. उजव्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, सकाळी उतरायचं. ब्लाउज सैल झाले. वर्गात मोठ्याने वाचून दाखवताना दम लागायला लागला, तेव्हा हुबळीच्या हॉस्पिटलात गेले. तिथं मी जुनी पेशंट. उज्ज्वला तिथंच झाली होती.

तेव्हाचं ते हॉस्पिटल मला आठवतं. रेकॉर्डच्या खिडकीपुढे रांग लावायची, आतला माणूस शिडीवर चढून खाकी पुठ्ठ्याची फाइल काढायचा. कधी सापडायची, कधी नाही. बाळंतपणाच्या वेळी माझ्या फाइलमध्ये हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या कोणा गृहस्थाचं पान टाचलेलं निघालं होतं आणि आम्ही सगळे हसलो होतो. खालच्या कप्प्यातल्या फाइलींना वाळवी लागायची. तेव्हा जुनं ते फार चांगलं होतं, असं मी म्हणणार नाही.

या खेपेला गेले तर खिडकी बंद होती आणि शेजारी काचेची खोली झाली होती. सगळ्या हॉस्पिटलात ती एकच खोली थंड केलेली. आत जाणाऱ्याने चपला बाहेर काढायच्या. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची. मंजुळा नावाची मुलगी तिथं बसायची. ती जुन्या फाइली एकेक करून यंत्रात भरत होती. तिने मला नवीन कार्ड दिलं. त्यावर इंग्रजीत छापलं होतं: कांबळे एस. व्ही. एखाद्या साहेबाचं नाव असावं तसं ते दिसत होतं. मला आवडलं. घरी येऊन उज्ज्वलाला दाखवलं.

मग बायॉप्सी झाली. बायॉप्सी म्हणजे गाठीचा तुकडा कापून तपासायला पाठवणं. मानेला भूल दिली, ताण जाणवला, दुखलं नाही. नंतर एका ज्युनियर डॉक्टरांनी टाके काढले. शाळेत चाचणी परीक्षा चालू होत्या, म्हणून रिपोर्टला आम्ही जरा उशिरानेच गेलो. आणि तिथं तो शब्द ऐकला.

त्यानंतरचे दिवस कसे होते ते सांगते, कारण पुढे मला ते दुसऱ्या एका बाईला सांगावे लागले.

पहिल्यांदा काहीच वाटत नाही. परतीच्या बसमध्ये मी खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत होते. घरी येऊन भात टाकला. हे चप्पल न काढता कॉटवर बसून राहिले. आपण कोणाला सांगायचं नाही, एवढंच आमचं बोलणं झालं.

नंतर भीती हळूहळू शिरते, आणि ती भलत्याच जागी शिरते. मरणाची नव्हती म्हणा. उज्ज्वलाची वेणी कोण घालणार, ही होती. तिचे केस दाट आणि कुरळे, तिला स्वतःला विंचरता यायचे नाहीत. मी तिला आरशापुढे बसवून शिकवायला लागले. ती कंटाळायची. "आई, तू घाल की," म्हणायची. मी रागावले. एकदा हात उगारला आणि तसाच खाली घेतला. तिला काही कळलं नाही. मागची वेणी आंधळ्यासारखी चाचपडत घालणारे तिचे दोन हात मला अजून दिसतात.

शाळेत फळ्यावर लिहिताना वाटायचं, हे अक्षर पुसलं की मी लिहिलं होतं हे कोणाला कळणार. गाठीला सारखा हात जायचा. कापल्यानंतर उरलेला भाग तिथं होताच, आणि तो दर तासाला वाढतोय असं वाटायचं. आता मला माहीत आहे की तो वाढत नव्हता.

मुंबईला जायचं ठरलं. जाण्यापूर्वी सुभाष रोडवरच्या आमच्या डॉक्टरांना विचारावं, असं ह्यांना वाटलं. ते म्हातारे होते. कापडाच्या दुकानाशेजारी त्यांचा दवाखाना, आणि लग्नानंतर पहिल्या तापापासून मी त्यांचीच पेशंट. ते प्रत्येकाचं एक कार्ड ठेवायचे, आणि कुठं दुखतं ते कार्डावर चित्र काढून दाखवायचे. पोट काढलं की भोपळ्यासारखं दिसायचं.

त्यांनी हॉस्पिटलचा कागद दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला.

"पदर जरा बाजूला करा बघू, बाई."

मी केला.

"टाके इथंच पडले? का दुसऱ्या बाजूलाही काही कापलं?"

"इथंच, डॉक्टर. उजवीकडे."

त्यांनी कागद माझ्यापुढे धरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. लेफ्ट, असं लिहिलं होतं. डाव्या बाजूची गाठ. मी शिक्षिका. कवायतीच्या तासाला लेफ्ट-राइट मीच शिकवायची. आणि इतके दिवस तो कागद माझ्या पर्समध्ये होता.

ह्यांच्या तोंडून काही शब्द निघणार तोच डॉक्टरांनी हात वर केला. "थांबा. टाइप करणाऱ्याने उजव्याचं डावं केलं असेल. किंवा रिपोर्टच दुसऱ्या कोणाचा असेल. आत्ताच हसायचं नाही, आत्ताच रडायचंही नाही. उद्या हुबळीला जा आणि ती काच पुन्हा बघायला सांगा."

काच म्हणजे स्लाइड. कापलेल्या तुकड्याचा पापुद्रा काचेवर ठेवून रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बघणाऱ्या डॉक्टरांना पॅथॉलॉजिस्ट म्हणतात. दुसऱ्या दिवशी आम्ही थेट त्यांच्याकडे गेलो. सर्जनही आले. पॅथॉलॉजिस्टनी लाकडी खोक्यातून एकीमागून एक दोन काचा काढल्या. काचांवर त्यांच्या मदतनिसाने हाताने नावं लिहिली होती. एकीवर सुमन वसंत कांबळे. दुसरीवर सुमन विठ्ठल कांबळे.

त्यांनी माझी काच बराच वेळ बघितली. मग सर्जनना बघायला दिली. मग माझ्याकडे वळले.

"तुमच्या गाठीत टीबी आहे. मानेच्या गाठींचा टीबी. आपल्याकडे पुष्कळांना होतो. गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. तुम्हाला कॅन्सर नाही."

हे दाराच्या चौकटीला धरून खाली बसले आणि रडायला लागले. मी हसत होते. टीबी झाला म्हणून हसणारी बाई त्या प्रयोगशाळेत कोणी पाहिली नसेल. पॅथॉलॉजिस्टसुद्धा हसले. सर्जन मात्र हसले नाहीत. ते दुसऱ्या काचेकडे बघत होते.

तेव्हा माझ्याही लक्षात आलं.

"साहेब, ही दुसरी सुमन कुठं आहे?" मी विचारलं.

झालं होतं ते असं. एकाच आठवड्यात दोघींच्या गाठी कापल्या होत्या, माझी उजवीकडची, तिची डावीकडची. यंत्रात नावाला जागा थोडी, म्हणून दोघी कांबळे एस. व्ही. वय जवळजवळ सारखं. जुन्या फाइली भरताना एकच बाई दोनदा आली आहे असं समजून दोन नोंदींची एक केली गेली होती आणि पत्ता माझा राहिला होता. माझा टीबीचा रिपोर्ट आधी आला, तो त्या नंबरखाली चढला. ती बाई त्याच सुमारास आली आणि तिच्या हातात तो छापून दिला. सर्जन रजेवर होते, ज्युनियर डॉक्टरांनी कागद वाचून टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. मग तिचा रिपोर्ट आला, तोही त्याच नंबरखाली चढला. नंतर मी गेले तर शेवटचा आलेला तो मला मिळाला.

मंजुळा काचेच्या खोलीतून अनवाणीच बाहेर आली होती. "मॅडम, त्या चौकटीत अक्षरं तेवढीच बसतात," ती म्हणाली. "मी लिहिली होती ती सगळी, पण पुढची जातच नव्हती." तिच्यावर मला राग आला नाही. कोणावर करावा, हेच कळेना.

सर्जन सरळ माणूस होते. त्यांनी काही झाकलं नाही. "मी पेशंटची मान हातात घेऊन बघायला हवी होती," ते म्हणाले. "पूर्वी फाइलीत मी मानेचं चित्र काढून फुली मारायचो. या कागदावर चित्र नाही, तर मीही बघितलं नाही."

पण तिला शोधायचं कसं? यंत्रात तिचा पत्ता नव्हताच. भरून झालेल्या फाइली गोणपाटात बांधून गोदामात टाकल्या होत्या, त्याही कशाही क्रमाने. एक शिपाई दोन दिवस त्या उपसत होता. हुबळीत कांबळ्यांची घरं काय एक-दोन? तरी माणसं पाठवली. आमच्या ओळखीच्या वस्त्यांत मी निरोप दिले, विहारात विचारलं. विठ्ठल कांबळे दोन सापडले. त्यातला एक बिनलग्नाचा, दुसऱ्याची बायको धडधाकट.

"गोळ्या संपल्या की ती येईलच," सर्जन म्हणाले. "महिन्याच्या दिल्या असतील."

मी शाळेतून रजा काढली आणि हॉस्पिटलातल्या औषधाच्या खिडकीसमोर बाकावर जाऊन बसायला लागले. खिडकीवरच्या माणसाला सांगितलं होतं आणि त्याला चांगलं लक्षातही होतं. मी नसते बसले तरी चाललं असतं. हे म्हणायचे, "तू कशाला जातेस? तुझ्या अंगात ताप आहे." पण घरी बसवेना. ती मोठ्या आशेने गोळ्या गिळत असेल, असं सारखं मनात यायचं. त्या गोळ्यांनी लघवी केशरी होते, मला पहिल्याच दिवशी झाली आणि मी दचकले. तेव्हा वाटलं, हिलाही अशीच होत असेल, हीही दचकली असेल, मग कोणीतरी सांगितलं असेल की काही नाही, औषध लागू पडतंय.

टीबीचे पेशंट रोज येत. मानेवरून पदर घेतलेली प्रत्येक बाई मला तीच वाटायची. मी उठून जवळ जायची, नाव विचारायची. काही बायका नाव सांगायला घाबरत. एकीने विचारलं, "तुम्ही सरकारकडून आलाय काय?"

महिना उलटून गेला, ती आली नाही. माझी गाठ हाताला मऊ लागायला लागली होती. ताप थांबला. भूक लागत होती. बाकावर बसून मी डब्यातली भाकरी खात असे आणि प्रत्येक घासाला बरं वाटत असे. तेच मला सहन होत नव्हतं. मी बरी होतेय ते तिला मिळालेल्या कागदाप्रमाणे, आणि जे मला सांगितलं होतं ते तिच्या अंगात चाललंय.

एका सकाळी खिडकीवरून हाक आली, "सुमन कांबळे."

मी उठले. माझ्या पुढच्या बाकावरून आणखी एक बाई उठली.

ती माझ्याहून उंच होती, सावळी, अंगाने बारीक. निळं सुती लुगडं. डाव्या बाजूला पदराखाली मान फुगलेली दिसत होती. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि हसली. "तुमचं पण तेच नाव? जावा की पुढं, मला घाई नाही."

मी तिच्याजवळ गेले. "विठ्ठल कांबळेंच्या घरच्या का?"

"होय की. उणकलच्या. तुम्ही कसं ओळखलं?"

मी तिचा हात धरला. म्हटलं, "बाई, आपण आधी मोठ्या डॉक्टरांना भेटू. तुमच्या गोळ्यांचं बोलायचंय."

"तेच मी म्हणणार होते, अक्का," ती चालताना म्हणाली. "गोळ्या घेते, एक चुकवली नाही. माहेरी निपाणीला गेले तिथंबी सरकारी दवाखान्यातनं घेतल्या. पण गाठ उतरंना. नवीन दोन आल्यात. डॉक्टर म्हणतात वेळ लागतो."

सर्जननी तिला बसवलं, तिची मान दोन्ही हातांनी तपासली आणि सगळं सांगितलं. चूक आमची, हेही सांगितलं. ती ऐकत होती. मधे एकदा तिने माझ्याकडे बघितलं, जणू मीच सांगावं की हे खरं नाही. मी मान खाली घातली.

ती सर्जनना म्हणाली, "जरा यांच्याशी बोलू द्या."

आम्ही बाहेर व्हरांड्यात उभ्या राहिलो. ती ओरडेल, मला काही बोलेल, अशी माझी तयारी होती. ती म्हणाली, "माझं दुखणं तुम्हाला सांगितलं होतं न्हवं? मग तुम्ही काय केलंत?"

"म्हणजे?"

"घरला जाऊन काय केलंत? पोरांना काय सांगितलं? जेवण जात होतं का? मला कायच कळंना झालंय, अक्का. तुम्हाला ठावं आहे, म्हणून विचारते."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. बस, दुकानांच्या पाट्या, भात, ह्यांच्या पायातल्या चपला, वेणी. पहिल्यांदा काही वाटत नाही, मग भलतंच काहीतरी वाटतं, ते सांगितलं. ती मधून मधून मान हलवत होती. घरात एकट्यानं डोक्यात घेऊन बसू नका, नवऱ्याला आजच सांगा, आम्ही दोघांनी कोणाला सांगितलं नाही ते दिवस फार वाईट गेले, असंही म्हटलं. माझ्याजवळ तिला द्यायला एवढंच होतं. मी तिच्या आजारात थोडे दिवस राहून आले होते.

"मला दोन पोरी," ती म्हणाली. "धाकटीला आत्ता कुठं बालवाडीत घातलंय."

मग पदर सारखा करून ती आत गेली आणि मुंबईला कधी जायचं ते तिने सर्जनना विचारलं.

विठ्ठलराव रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांनी लांब रजा काढून तिला मुंबईला नेलं. केमोथेरपी सुरू झाली. केमोथेरपी म्हणजे शिरेतून देतात ती कॅन्सरची औषधं. ती रोगाच्या पेशी मारतात आणि बरोबर आणखीही बरंच काही मारतात. केस गेले, तोंडात फोड आले. पण गाठी विरघळल्या. मधल्या काळात ती हुबळीजवळ उणकलला परत आली तेव्हा मी भेटायला गेले.

तलावाच्या बाजूला तेव्हा नवी घरं उठत होती. जुन्या गावातच तिचं घर. डोक्याला रुमाल बांधून ती दारात बसली होती, शेजारी तिची आई तांदूळ निवडत होती. तिने माझी मान बघायला मागितली. उजवीकडे फक्त पांढरी रेघ राहिली होती. तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"छान बसलीय जखम," ती म्हणाली.

मी अधूनमधून जात राहिले. आम्ही दुखण्याबद्दल थोडं आणि पोरींबद्दल जास्त बोलायचो. तिची थोरली कन्नड शाळेत पहिली यायची, याचा तिला फार अभिमान. कधी बोलता बोलता दोघींच्या मनात एकच गोष्ट आहे हे दोघींना कळायचं. तिने ती एकदाही बोलून दाखवली नाही. एकदा मला वाटलं, आता बोलेल. ती म्हणाली, "अक्का, चहात साखर कमी झाली काय?"

मी मात्र सर्जनना विचारलं. "मधे जे महिने गेले, ते गेले नसते तर?"

ते म्हणाले, "मला माहीत नाही. तिचा प्रकार जोरात वाढणारा आहे. लवकर सुरू केलं असतं तरी कदाचित हेच झालं असतं. कदाचित नसतं. बाई, मी रोज हा प्रश्न स्वतःला विचारतो. उत्तर येत नाही आणि येणारही नाही."

माझा गोळ्यांचा कोर्स पुरा झाला. छातीचा फोटो स्वच्छ आला. सर्जननी माझी मान हाताने तपासली, आणि कागदावर मानेचं चित्र काढून त्यावर बरी झाली असं लिहिलं. आता ते सगळ्यांची चित्रं काढायचे आणि यंत्राच्या कागदाला टाचून ठेवायचे. यंत्रातही बदल झाला होता. पूर्ण नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, गाव, ओळखीची खूण, सगळं घ्यायला लागले होते. मंजुळा प्रत्येकाला पत्ता दोनदा विचारायची. लोक वैतागायचे.

कागद चांगला की कॉम्प्युटर, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. शाळेत एकदा यावर बोलायलाही बोलावलं होतं, मी गेले नाही. कागदाला वाळवी लागते आणि यंत्रात अक्षरं बसत नाहीत. मी एवढंच सांगेन की रिपोर्ट हातात आला की भीतीने एकच शब्द वाचून थांबू नका. वरचं नाव वाचा, वय वाचा, कुठला अवयव, कुठली बाजू ते वाचा. वाचता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा, आधी माझ्या अंगाला हात लावा आणि मग कागद वाचा. यात लाजण्यासारखं काही नाही. आणि आनंदाची बातमी मिळाली तरी हेच करा. आनंदाच्या बातमीचा कागद कोणी दुसऱ्यांदा वाचत नाही.

दुसऱ्या वर्षी तिच्या गाठी परत आल्या. या खेपेला पोटात. मुंबईला पुन्हा नेलं, पण औषध लागू पडलं नाही. ती घरी आली. शेवटी शेवटी मी गेले की ती डोळे मिटूनच हात पुढे करायची. मी तो धरून बसायची. आमच्या उज्ज्वलाला ती एकदा म्हणाली, "वेणी छान घालतीस गं." उज्ज्वलाने लाजून शेपटा पुढे घेतला.

उन्हाळा संपताना ती गेली.

पुण्यानुमोदनाला आम्ही तिघं उणकलला गेलो. अंगणात मांडव होता. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या, त्यांच्या शेजारी तिचा फोटो. केस असतानाचा. बौद्धाचार्यांनी वंदना घेतली, त्रिशरण-पंचशील झालं. मग ते बोलायला उभे राहिले. "आपल्यातून गेलेल्या सुमन कांबळे यांच्या स्मृतीस," ते म्हणाले, आणि सगळी माणसं हात जोडून उठली.

मीही उठले. आजूबाजूला माझ्या नावासाठी माणसं उभी होती. कोणी डोळे पुसत होतं. हे माझ्या शेजारी होते, त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर वळ दिसत होता. उज्ज्वला आधी फोटोकडे आणि मग माझ्याकडे बघत होती. मी वाचले, या गोष्टीचा मला तेव्हा आनंद झाला नाही. जागा कमी पडली म्हणून दोघींना एकाच नावात बसवलं होतं. त्यातली एक बाहेर आली आणि ती मी होते, एवढंच मनात येत राहिलं.

कार्यक्रम संपल्यावर विठ्ठलरावांनी मला त्यांच्या सासूबाईंजवळ नेलं. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. तिची नजर कमी झाली होती, लेकीच्या दुखण्यात आणखी कमी झाली म्हणायचे.

"आत्या, धारवाडच्या बाई आल्यात," विठ्ठलराव म्हणाले. "सुमनबाई."

तिने हात पुढे केला. मी खाली बसले. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, कपाळ, गाल, हनुवटी, मग मानेवर उजवीकडे ती रेघ चाचपली. आत पत्रावळी मांडल्याचा आवाज येत होता. ती थोडा वेळ तसाच हात ठेवून बसली.

"सुमन," ती म्हणाली. ते नाव तिने असं उच्चारलं की अंगणातली दोन-तीन माणसं वळून बघायला लागली. "सुमन, जेवल्याबिगर जाऊ नको."

"नाही जात, आई," मी म्हटलं.

मग मी तिच्या शेजारीच पाटावर बसून जेवले.